ती गच्चीवर वाळत होती

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न मोडता मोडता वाचलं, आणि त्याला जबाबदार होतं मराठी व्याकरण. (मी नव्हे! हे मी इतकी वर्षं सांगतोय, कुणी ऐकत नाही.)

पुस्तकात मका 'तो' असतो. आमच्या विंचूरकडं मका ही 'ती'. ती पेरायची, ती सोंगायची, ती वाळवायची. घोटीकडच्या भातवाल्या माणसांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, आणि त्यांना ते माहीत नाही हे मला कळायचंही कारण नव्हतं.

नव्वदीतल्या एका दिवाळीआधीची गोष्ट. बरीचशी मका मळून गच्चीवर पसरली होती. काय दिवस होते ते! अनवाणी फिरून मका पालथी घालताना तळव्यांना गरम दाण्यांच्या गुदगुल्या, अंगभर भुशाची खाज आणि सगळ्या गल्लीत तो गोडसर वास. आजही कुठं तो वास आला की माझा पाय निघत नाही.

घरात दोघांची वाट बघणं चालू होतं. मका पाहायला व्यापारी येणार होता, आणि ताईला पाहायला सातपूरच्या कंपनीतला एक मुलगा. मूळचा घोटीकडचा. तिकडच्याच एका लग्नात ताईनं त्याला पाहिलं होतं आणि आईला बजावलं होतं, "करीन तर हाच." आधीची दोन स्थळं तिनं नाक मुरडून परतवून लावली होती, त्यामुळे सगळं घर देव पाण्यात घालून बसलेलं. पण ते लोक दिवाळीनंतर येणार असं ठरलं होतं.

गावात फोन एकच, किराणा दुकानात. मी रस्त्यानं चाललो होतो, तर दुकानदार गल्ल्यावरूनच ओरडला, "ए, उद्या सकाळी पाहायला येणार हायेत तुमच्याकडं!"

मी घरी सांगितलं, "उद्या व्यापारी येतोय."

सकाळी आई, आबा आणि ताई उरलेली कणसं मोडायला वावरात गेले. जाताना आबा म्हणाले, "व्यापाऱ्याशी तू बोल." जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुणी व्यवहार सोपवला होता! मी भांग पाडून ओसरीवर बसलो.

थोड्या वेळानं जीपमधून तिघं उतरले. दोन टोपीवाले वयस्कर, तिसरा तरणा, खांद्यांनी भरलेला. (गोण्या उचलायला आणलेला हमाल, हे मी लगेच ताडलं.)

"पाहायला आलोय," थोरले टोपीवाले म्हणाले.

"बसा. वर गच्चीवर टाकलीय."

"टाकलीय? बरं नाही का?"

"बरी हाय की! वाळत घातलीय. दसऱ्यापासून उन्हातच हाय. रात्रीची ताडपत्री टाकतो वरून."

थोरल्यांनी मी दिलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. धाकट्या टोपीवाल्यांनी जपून विचारलं, "ऊन सोसतं?"

"ऊन तर पाहिजेच! आता बघा, कशी पिवळीधमक झालीय."

"कावीळ," धाकटे थोरल्यांच्या कानात पुटपुटले. ते मला ऐकू आलं, पण व्यापाऱ्यांची आपसातली काही खूण असेल म्हणून मी सोडून दिलं.

"खोटं कशाला बोलू?" मी आता रंगात आलो होतो. "खालच्या बाजूनं उंदरांनी थोडी कुरतडलीय. पण वरून कळत नाय."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. गिऱ्हाईक हातचं जाणार, असं मला वाटायला लागलं.

"मागं एक जण येऊन गेला. दाताखाली धरून बघितली, म्हणला अजून ओली हाय. आता तसं नाय. तुम्हीबी चावून बघा, लाजायचं नाय!"

हमाल कानापर्यंत लाल झाला.

"आणि आवडली तर आजच न्या. आभाळाचा भरवसा नाय. भिजली तर कोंब फुटतील."

"आजच?" थोरले ताडकन उठले. "अहो, काही रीतभात? काही मुहूर्त?"

"मुहूर्त कशाला? गोणीत भरू आणि टाकू जीपमध्ये! ए दादा, बसला काय नुसता? गोण्या त्या कोपऱ्यात हायेत!"

थोरले तरातरा जीपकडे निघाले. तेवढ्यात डोक्यावर कणसांचं टोपलं घेऊन ताई दारात आली. साडीवर आबांचा फाटका सदरा, केसांत मक्याची वाळकी पानं. तिनं हमालाकडे पाहिलं. टोपलं दाणकन खाली आलं.

"तुम्ही? आज?"

"काल फोन केला होता," हमाल म्हणाला. "पण तुमचा भाऊ म्हणतो, तुम्ही गच्चीवर वाळताय."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात भरलेलं एकुलतं एक स्थळ मी जीपपर्यंत पोचवलं होतं! पण ती रडली नाही. सदरा झटकून थोरल्यांना म्हणाली, "काका, वर चला. आमच्याकडं मका 'ती' असते."

सगळे वर गेले. धाकटे टोपीवाले, म्हणजे मुलाचे मामा, त्या पिवळ्या ढिगावरच फतकल मारून डोळे पुसपुसून हसले. मुलाच्या वडिलांनाही मग आवरेना. मुलानं एक दाणा उचलला, चावला आणि ताईकडे बघत म्हणाला, "चांगली वाळलीय की." ताई लाजली. सदऱ्यात!

लग्न ठरलं. बोलणी करायला सगळी भावकी आमच्या ओसरीवर जमली. मला आबांनी गच्चीवर पाठवलं, कबुतरं हाकायला. मका तर केव्हाच विकली गेली होती. मी रिकाम्या गच्चीवर बसून राहिलो, आणि खालून आबांचा आवाज आला, "तो वरच हाय ना? मग करा सुरू."