नाकाची साक्ष

पावसाळ्यातल्या वर्षावासात गडब गावच्या बौद्ध विहारात ग्रंथ वाचायचा तो हिरामणनेच. नाकाला वास भिडला की जाणीव जागी होते, मग बरं-वाईट वाटतं, आणि त्यापाठोपाठ माणूस हावेने नाहीतर रागाने धावत सुटतो. धावण्याआधीच थांबायला शिका, असं तो लोकांना बजावायचा. सांगणं सोपं असतं.

शेताच्या बांधाच्या भांडणातून मारेकरी शेतातच आले, तेही दिवसाउजेडी. मागून हिरामणच्या डोक्यावर पोतं पडलं, लाथा बसल्या. शेजारीच त्याच्या पोराचं, हर्षदचं डोकं सळईने फोडत होते. पोरगा "बाबा, बाबा" करत गप्प झाला. पोत्याच्या अंधारात हिरामणच्या नाकात फक्त वास घुसला होता, भिजवून भाजलेल्या भाताचा, आंबूस आणि खरपूस.

असा वास अंगावर घेऊन घरी येणारा आळीत एकच, रघू. पेणच्या पोह्याच्या गिरणीत तो भट्टीवर होता, आणि आठवड्यापूर्वीच त्याने हर्षदची कॉलर धरली होती. आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी पोराला अग्नी देऊन हिरामण घरी आला, कोयता उचलला आणि रघूच्या दारात गेला. पहिल्याच घावाला रघूचा उजवा हात मनगटावर तुटला. त्याची बायको रोहिणी मध्ये पडली, तिला हिरामणने बाजूला ढकललं.

"काका, मी काल अष्टमी गावाला व्हतो, सासरवाडीला," रघू म्हणाला.

हिरामणने ते ऐकलं आणि दुसरा घाव खांद्यावर घातला.

लोकांनी धरून त्याला चौकीत नेलं. तिथे फौजदाराने हिरामणच्या डोक्यावर टाकलेलं, शेतात सापडलेलं पोतं पुढ्यात टाकलं आणि तोच वास खोलीभर पसरला. गिरणीचं रिकामं पोतं. गडबात अशी पोती घरोघरी दारात पाय पुसायला असतात. हिरामणच्या दारातही होतं. वास पोत्याचा होता. त्या वासाला रघूचं नाव हिरामणच्या मनाने चिकटवलं होतं.

रघू वाचला. हात गेला तो गेलाच.

पुढे खुनाच्या संशयावरून वडखळचे दोघे पकडले. फौजदाराने हिरामणला तुरुंगातून आणून त्यांच्यासमोर उभं केलं. "ह्यांनीच मारलं ना? तुम्ही ओळखलं नाही तर हे सुटतील."

त्यातला एक गालात हसत होता. त्याचा गळा दाबावा म्हणून हिरामणची बोटं वळली. पोटचा पोर गेला होता त्याचा. मग त्याने मूठ सोडली.

"नाय सांगता येत, सायेब," तो म्हणाला. "वास आला, येवढं खरं. त्याला माणूस मी चिकटवला."