डेक बंद करायचं वळण

आमच्या फाट्यावर उसाचे ट्रॅक्टर आले की गाणं बंद व्हायचं. एरवी हे ड्रायव्हर लोक गंगाखेडच्या कारखान्यापर्यंत डेक इतका मोठ्याने वाजवतात की रानातली माणसं कोण चाललंय ते गाण्यावरून ओळखतात. पण ताडकळसकडचा अरुंद रस्ता फाट्यावर असा काही तिरपा येऊन मिळायचा की वळताना मागची ट्रॉली दिसायचीच नाही. ती कानांनी सांभाळायची. म्हणून डेक बंद करून ट्रॉली जोडलेल्या हुकाच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं. तोवर मागे एसट्या, जीपा, मोटारसायकली हॉर्न वाजवत ताटकळत उभ्या.

माझा थोरला भाऊ याच वळणावर ट्रॉलीसकट उलटला. पाय सांधला, पण पुढच्या हंगामात दादाने भरल्या ट्रॉलीला हात लावला नाही. लोकांची नांगरणी करू लागला. विचारलं की म्हणायचा, कंटाळा आलाय. भीती वाटते म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. मला ते बघवायचं नाही, कारण उसाच्या दिवसांत स्टिअरिंगवर बसलेला दादा म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात खुशीतला माणूस.

फाटा नव्याने बांधायचं निघालं तेव्हा मी त्याच कामावर इंजिनिअर होते. नशीब वगैरे मी म्हणणार नाही. त्या कामासाठी मी साहेबांच्या हात धुऊन मागे लागले होते. नकाशात चौकाच्या मधोमध मोठा देखणा गोल होता. फक्त त्याचं वळण ट्रकच्या मापाने काढलेलं. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जणू आमच्या जिल्ह्यात नसतोच!

साहेबांना बोलून पटेना. मग मी कबड्डीचं मैदान आखायची फक्की आणली आणि एका सपाट पडीक रानात अख्खा चौक खऱ्या मापाने आखला. दादाला म्हटलं, ट्रॅक्टर घेऊन ये, दोन्ही ट्रॉल्या जोडून.

"रिकाम्या हायत म्हणून येतो," तो म्हणाला. "भरून त्या फाट्यावरून मी जाणार न्हाई, बाई. आधीच सांगतो."

साहेब छत्री धरून उभे राहिले. ट्रॅक्टर वळला, पहिली ट्रॉली कशीबशी वळली आणि दुसरीची चाकं फक्की पुसत गोलावर चढली. साहेबांनी तिथल्या तिथे मान्य केलं. गोल लहान झाला, रस्ता रुंद झाला.

चौक झाला, हंगाम लागला. आता कुणी ताटकळत नाही. पोखर्णीला दर्शनाला जाणारेसुद्धा न थांबता निघून जातात. पण ट्रॅक्टरवाले? एवढ्या ऐसपैस रस्त्यावरही फाटा आला की डेक बंद. सवयच ती. मला मात्र लय राग यायचा. दादा तर अजून नांगरणीच करत होता.

एका दुपारी मी चौकातले पट्टे मारून घेत होते. ताडकळसकडून एक गाणं ऐकू आलं. ते दादाचं गाणं होतं. मागे दोन ट्रॉल्या, उसाने गच्च भरलेल्या. मी वाट बघत राहिले, आता बंद करेल, आता करेल. ट्रॅक्टर वळला. पहिली ट्रॉली वळली. दुसरी वळली. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसलेही नाहीत.

दादाने मला बघितलं आणि आवाज वाढवला.