शून्य निकालांचा कागद

आमच्या कॉलेजात पीएचडीचा विषय मंजूर करून घ्यायचा तर एक कागद लागायचा. संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये विषय टाकायचा, ‘शून्य निकाल’ आले की त्या पानाचा प्रिंट काढून रूपरेषेला जोडायचा. विषय नवा असल्याचा पुरावा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण बालाघाटात आम्ही सगळे तेच करत आलो.

मी तिथे अतिथी विद्वान. नाव भारदस्त, पण दरवर्षी नव्याने नेमली जाणारी कंत्राटी शिक्षिका. पीएचडी झाली तरच पक्क्या नोकरीची आशा. विषय घेतला धानाच्या रोवणीत, म्हणजे चिखलात वाकून रोपं लावताना, बायांना होणाऱ्या कंबरदुखीचा. शोधाच्या चौकटीत मी सगळंच कोंबलं: बालाघाट, खैरलांजी, रोवणी, मजूर बाया, कंबर. इतक्या अटी एकदम घातल्यावर दुसरं काय येणार? शून्य. मार्गदर्शक सरांनी खुशीत सही केली. मी पेढे वाटले. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

तीन हंगाम मी खैरलांजीच्या धानाच्या शेतांतून, बांध्यांमधून प्रश्नावली घेऊन फिरले. प्रबंध लिहून झाला. शेवटच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तिथल्या तिथे त्याच डेटाबेसमध्ये शोध घेतला. गावांची नावं वगळली, कंबरदुखीला वैद्यकात जे जे शब्द आहेत ते ‘किंवा’ घालून जोडले, आणि पडद्यावर लेखांची पानंच्या पानं उघडली. यात तुमचं नवं काय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी सरांकडे पाहिलं.

“म्या त सही केलती म्याडम,” सर म्हणाले. “धुंडलं त तुम्हीच.”

खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

प्रबंध नामंजूर झाला. घरी येऊन मी पहिल्यांदाच कागदावर विषयाचे तुकडे पाडले. काम कोणतं, दुखणं कोणतं, माणसं कोण. प्रत्येकाखाली दुसरे शब्द लिहिले, जिल्हा खोडला. अर्ध्या तासाचं काम. तसा शोध घेतल्यावर वर आलेल्या पहिल्याच लेखात दुसऱ्या राज्यातल्या रोवणीच्या बायांवर करून पाहिलेला उपाय होता. किती वेळाने थांबायचं, कसं वाकायचं, फोटोंसकट. फुकट वाचता येत होता, आणि माझ्या पहिल्या हंगामाच्या कितीतरी आधीचा होता.

त्या हंगामात एका म्हाताऱ्या मजूर बाईने चिखलात उभं राहून मला विचारलं होतं, “बाई, याच्यावर काही इलाज निंगते का?”

यावर अजून कोणी कामच केलेलं नाही, असं मी तिला सांगितलं होतं.