नखाएवढं दगडफूल

गोड्या मसाल्यातलं दगडफूल मी आजवर वाण्याच्या पुडीतच पाहिलं होतं. परवा कॉलेजच्या वनस्पती संग्रहालयात सुनंदाबाईंनी तशीच एक कागदी पुडी उलगडली, तेव्हा मी आधी वास घेतला. त्या हसल्या. "सगळे हेच करतात."

हे संग्रहालय त्याच सांभाळतात. रानारानांतून आणलेली दगडफुलं इथे अशा पुड्यांमध्ये राहतात. आतला तुकडा राखाडी होता, भिंतीचा पोपडा निघावा तसा. बाईंनी ड्रॉपरने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि बघता बघता तो हिरवा झाला. इतकी वर्षं कपाटात काढूनही त्याने पाण्याला ओळखलं. मी उगाचच हळू आवाजात बोलू लागलो.

पुडीवर माझ्या आजोळच्या गावाचं नाव होतं. खाली बारीक अक्षरात: देवराई, देवळामागचा आंबा, उत्तरेची बाजू.

"त्या आंब्याखाली आमच्या पंगती बसायच्या," मी म्हणालो. "रस्ता रुंद केला, त्यात गेला तो. देवराईही गेली."

बाईंनी पुडीवरची बारीक अक्षरं पुन्हा वाचली. "आमच्या सरांनी आणलाय हा तुकडा. नखाएवढंच घ्यायचं, हा त्यांचा नियम. बाकीचं झाडावर राहू द्यायचं, म्हणजे ते वाढत राहतं."

थेंब सुकत आला, तसा तुकडा पुन्हा राखाडी झाला. बाईंनी पुडीची घडी जपून मिटली. एखाद्या भल्या माणसाने थोडा हावरटपणा करायला हवा होता, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.