कोट न घातलेले बाबा

चित्रकाराला स्वतःची शैली सापडते त्या दिवशी त्याचा दुसरा जन्म होतो, असं अमरावतीच्या कला महाविद्यालयात आमचे एक सर सांगत. सांगताना ते खिडकीबाहेर दूर कुठंतरी बघत. खिडकीबाहेर सायकल स्टँड होतं. मी तिथं छायाप्रकाश, रंगसंगती, मानवाकृती वगैरे सगळं नीट शिकलो आणि दुसऱ्या जन्माची वाट बघत अकोल्याला एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो. तिथं एका दिवंगत ग्रामसेवकाच्या गळ्यात टाय रंगवताना मला माझी शैली सापडली. निदान स्टुडिओच्या मालकांनी तसं जाहीर केलं.

मालकांना सगळे चाचा म्हणत. त्यांचा मुख्य धंदा लग्नाचे फोटो काढण्याचा, पण चालायचा तो मेलेल्यांचे फोटो मोठे करण्याचा. आमच्या भागातली ती वाईट वर्षं होती. कापसाचं काही जमत नव्हतं आणि पेपर उघडला की आतल्या पानावर कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव असायचं. लोक येत. रुमालात गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र काढत, नाहीतर कुणाच्या लग्नातला घोळक्याचा फोटो, आणि त्यातल्या एका डोक्यावर बोट ठेवत. आम्ही ते डोकं मोठं करून फिकट छापायचो. मग मी कापसाच्या बोळ्यानं आणि बारीक ब्रशानं त्यात रंग भरायचो आणि मानेखाली कोट चढवायचो. कोट निळा, टाय लाल, खिशाला पेन. मागं गुलाबी पडदा. ज्या माणसानं आयुष्यात सदऱ्याची वरची गुंडी लावली नव्हती तो भिंतीवर सेक्रेटरीसारखा दिसायचा. हे सगळीकडेच चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

मी एकदा चाचांना म्हटलं, की हे जरा खोटं नाही का वाटत?

"भाई, आदमी जिंदगीभर बनियन में रहा," चाचा म्हणाले. "अब तो कोट पहनने दो उसको."

मी ब्रश लाल रंगात बुडवला आणि टाय पुरा केला.

इतर स्टुडिओंतले कोट पुठ्ठ्यासारखे दिसत. माझ्या कोटाच्या कॉलरला घडी असे, खांद्यावर उजेडाची एक फिकट पट्टी असे, आणि डोळ्यांच्या बुबुळात मी एक पांढरा ठिपका देत असे. तो ठिपका दिला की मेलेला माणूस ऐकतोय असं वाटे. बार्शीटाकळीपासून बाळापूरपर्यंत किती भिंतींवर माझे कोट गेले असतील कुणास ठाऊक. "तुम्हारा कोट दूर से पहचान में आता है," असं चाचा म्हणत, आणि गिऱ्हाईक असलं तर जरा मोठ्यानं म्हणत.

त्याच काळात माझे बाबा गेले. बार्शीटाकळीजवळच्या खेड्यात आमचा विहिरीवरचा भाजीचा मळा होता. बाबा पहाटे सायकलला पाट्या बांधून वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर बाजारात नेत आणि सकाळचं ऊन चढायच्या आत परत येत. ते काविळीनं गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या वर्षांत आमच्याकडे शेतीवाला माणूस गेला की चौकशीला माणसं येत आणि एकच कारण मनात धरून येत. एक बातमीदार मोटारसायकलवरून आला होता. कावीळ म्हटल्यावर त्यानं पेनाला टोपण लावलं आणि पाणी मागितलं.

बाबांचा एकच फोटो होता, बँकेच्या पासबुकावरचा. त्यात ते उचलून आणलेल्या संशयितासारखे समोर बघत होते आणि हनुवटीवर बँकेचा गोल शिक्का होता. शिक्के पुसून टाकण्यात माझा हात तोवर चांगला बसला होता. मी जीव ओतून काम केलं. घडी, पट्टी, ठिपका, सगळं दिलं, आणि तेराव्याच्या आत फोटो घरी नेला. आलेल्या पाहुण्यांनी वाहवा केली. बाळापूरची मावशी तर हात जोडून उभी राहिली. आईनं फोटोला कुंकू लावलं, हार घातला आणि आत निघून गेली.

थंडीत मी तिला अकोल्याला माझ्या खोलीवर घेऊन आलो. एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "फोटो बरा झाला होता ना गं?"

"बरा काहून नाई? तहसीलदार वाट्टे."

मी हसलो. ती हसली नाही. काड्या एकीकडं, पानं एकीकडं करत राहिली.

"तुले एक इचारू?" ती म्हणाली. "मले त्यायचं तोंड आठवून नाई राहिलं. डोळे मिटले का तुया तो कोटवाला येते. पहिले तसं नोतं. पहिले ते यायचे. आता तो येते, अन् ते येतच नाई."

माझ्या कामाबद्दल इतकं परिणामकारक मत त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

"दुसरं काढून दे," ती म्हणाली. "पुरतं जायच्या आत."

मी काढू लागलो. स्टुडिओतून आल्यावर कागद घेऊन बसायचो आणि तिला विचारायचो. नाक कसं होतं? "नाकासारखं." कपाळ? "होतं." मिशी मला माहीत होती, कान माझ्यासारखेच होते. मी कोळशानं, पेन्सिलीनं, जलरंगात काढत गेलो. अमरावतीला शिकलेली सगळी हत्यारं बाहेर आली. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा सफाईदार होत गेलं आणि प्रत्येकाला ती मान हलवायची. काय चुकलं ते तिला सांगता येत नसे.

"नाक त्यायचंच हाये रे," एकदा भाजी निवडताना म्हणाली. "मिशी बी त्यायचीच. पन हा मानूस मी पाह्यला नाई."

"मग तू पाहिलेला कसा होता?"

"मी कुठी पाह्यला?"

मला वाटलं ती चिडली. पण ती खरंच सांगत होती. आमच्या घरात आजोबा होते, थोरले काका होते. आई त्यांच्यासमोर पदर पुढं ओढून वावरायची. सासरे आणि भासरे, म्हणजे थोरले दीर, ओसरीवर बसलेले असताना नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची पद्धत नव्हती. ताट वाढायचं ते खाली बघून, पाणी द्यायचं ते खाली बघून. दिवस मळ्यात जायचा, तिथंही दोघं दोन वाफ्यांत वाकलेले. रात्री कंदील फुंकलेला. माझ्या आईनं सगळा संसार एका माणसाच्या पायांशी आणि आवाजाशी केला होता आणि मी तिला नाक विचारत होतो.

"कधीच नाही पाहिलं?" मी विचारलं.

तिनं भाजीवरून हात काढला. "पायची ना. सकाळी बजारातून येत तवा. मी चुलीपाशी बसलेली राहो. ते सायकल भिंतीले लावत अन् दारात उभे राहून पयले आत पायत. मी बी पायची. थो एकच टाइम. मामंजी वसरीवर राहे, त्यायले आतलं दिसे नाई."

आमचं दार पूर्वेला होतं. सकाळी त्यातून ऊन थेट आत येई. मी डोळे मिटून ते दार आठवलं आणि बाबांना त्यात उभं केलं. मग मला कळलं, की रोज ती ज्या चेहऱ्याकडं डोळे भरून बघत आली तो चेहरा उजेडाकडं पाठ करून उभा असायचा. नाक, डोळे, मिशी, सगळं अंधारात. म्हणून तिला नाक सांगता येत नव्हतं. ती विसरली नव्हती. तिनं ते तसंच पाहिलं होतं.

ते चित्र काढायला मला फार वेळ लागला, कारण त्यात काढण्यासारखं फार कमी होतं. माझा हात सफाईला सोकावलेला. काळ्या चेहऱ्यात मी नकळत गालाची गोलाई आणायचो, ओठांची रेघ द्यायचो, आणि आई म्हणायची, "हे नोतं दिसत." पुसायचो. बुबुळात ठिपका आपोआप पडायचा. "हे काय चमकते?" पुसायचो. उजेड पांढऱ्या रंगानं काढला की तो चुन्यासारखा दिसायचा. शेवटी उजेडाच्या जागी कागद कोराच ठेवून त्याच्याभोवती पिवळट पाणी फिरवलं, तेव्हा तो सकाळचा वाटायला लागला. चेहरा नुसता काळा ठेवला तर भोक पडल्यासारखा दिसे. त्यात मातीचा लाल, वांग्याचा जांभळा थरावर थर दिला, प्रत्येक थर वाळू देऊन. कानाची पाळी तेवढी उन्हानं लाल, पारदर्शक. खांद्यावरच्या दुपट्ट्याचे दोरे उजेडात निघालेले. मान किंचित पुढं, आत कुणीतरी आहे का बघितल्यासारखी.

आई शेजारी बसून होती. मी ब्रश धुवायला उठलो आणि परत आलो तर तिनं पदर सारखा केला होता. चित्राकडं बघत होती आणि इतकं सरळ बघत होती, की मीच नजर दुसरीकडं वळवली.

"चहा ठेवू का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं. माझ्याकडं बघून विचारलं नाही.

मी चित्र चौकटीसाठी स्टुडिओत नेलं. चाचांनी ते हातात घेऊन उभं धरलं, आडवं धरलं.

"कौन है?"

"वालिद."

"कोट?"

"नहीं."

त्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. "अम्मा को पसंद है?"

"हाँ."

"फिर ठीक है. दुकान में मत टाँगना."

चौकट त्यांनी चांगल्या लाकडाची दिली.

पुढं मी दारातली माणसं काढत राहिलो. दारात उभ्या बाया, मळ्याच्या खोपीत शिरणारा माणूस, बसच्या पायरीवरून आत बघणारा कंडक्टर. चेहरे अंधारात, भोवती उजेड. काही वर्षांनी अमरावतीला त्यांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, की या चित्रांतून आपल्या काळातला चेहरा हरवलेला शेतकरी आपल्याला जाब विचारतो आहे. टाळ्या झाल्या. त्यांचा आवाज शेवटी दाटून आला होता. चित्रांत शेतकरी दोनच होते आणि ते न्याहारीला घरी आले होते, पण ती वेळ हे सांगण्याची नव्हती. आई पहिल्या रांगेत बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "थो मानूस काहून रडून राह्यला होता? त्याच्या घरचं कोनी गेलं का?"

बाबांचं चित्र प्रदर्शनात नव्हतं. ते तिनं द्यायला नकार दिला होता. गावातल्या घरी, चुलीच्या खोलीत, तिच्या बसायच्या जागेसमोर ते लावलेलं होतं. कोटाचा फोटो बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्यासाठी. तोंड आठवतं का, असं मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही. ती स्वयंपाक करताना मधूनच कुणाशी तरी हळू बोलत असे, आणि मी आत गेलो की बोलणं थांबवून मला भाकर वाढत असे.

थोरले काका त्यांच्या मुलाकडं बाळापूरला राहायला गेले होते. एका दिवाळीत ते गावी आले. गुडघे दुखतात म्हणून ऊब धरायला चुलीजवळच बसले. आईनं पदर पुढं ओढला आणि चहा ठेवला. काका आणि बाबा पाठचे भाऊ, लहानपणी एका ताटात जेवलेले, एका सायकलवर शाळेत गेलेले. काकांनी चहा फुंकत समोरच्या चित्राकडं पाहिलं, मग मान वाकडी करून पाहिलं.

"हा कोन व्हय रे?"

आई भासऱ्यांशी बोलत नसे, म्हणून मी सांगितलं, "बाबा आहेत काका."

"आपला?" ते पुढं सरकले, डोळे बारीक केले. "काहीच दिसून नाई राहिलं बाप्पा. लाईट लाव बरं जरा."

लाईट चालूच होता.