रहिमुन्निसाभाभीचा माईक

कुंभार पिंपळगावात बसस्टँडजवळ ख्वाजामियाँचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं आणि कार्यक्रमांना भोंगे भाड्यानं द्यायचं दुकान होतं. मियाँ गेले तरी पाटी तीच राहिली. खुर्चीवर मात्र त्यांची बायको रहिमुन्निसा बसायला लागली. तिला हे काम नवं नव्हतं. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांतच मियाँच्या ध्यानात आलं होतं, की सुईत दोरा ओवताना हिचा हात जराही हलत नाही. मग त्यांनी तिला सोल्डरिंग शिकवलं. आधी तुटक्या वायरी, मग स्पीकर, मग टेपची आतली नाजूक कामं.

मियाँ शहाण्णव साली उभ्या उभ्या गेले, छातीत कळ येऊन. परतूरहून तिचा भाऊ आला. म्हणाला, "आपा, दुकान बंद करो. मेरे साथ चलो."

"लोगों के तीन रेडिओ पडे हैं. वो तो देने दे," ती म्हणाली.

ते तीन दिले तोवर आणखी पाच आले, आणि भाऊ कंटाळून एकटाच परतूरला गेला.

मियाँचा आवाज एका कॅसेटवर राहिला होता. कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट होती ती, आणि अधेमधे मियाँ भोंग्याची वायर ओढणाऱ्या गड्यावर खेकसत होते. बाकी काही नव्हतं. रहिमुन्निसा तेवढंच ऐकायची. ऐकून ऐकून फीत ढिली पडली, आवाज जड आणि संथ झाला, जणू मियाँ झोपेत बोलताहेत. एक दिवस फीत मशीनमध्ये गुंडाळली गेली आणि चुरगळून तुटली. साऱ्या गावाच्या अडकलेल्या फिती सोडवणाऱ्या बाईला ही एक सोडवता आली नाही. त्या दिवशी तिनं शटर लवकर ओढलं.

पुढं टेप आणायचं लोकांनी कमी केलं. मग तिनं जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला. घनसावंगीला कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या देवानंदनं तिला आवाज भरायचा प्रोग्राम दाखवला. आवाज कॉम्प्युटरात भरायचा, तिथून सीडीवर घ्यायचा. सीडी कितीही वेळा वाजवा, आवाज ढिला पडत नाही, असं तो म्हणाला. रहिमुन्निसानं त्याला हे पुन्हा एकदा सांगायला लावलं.

अशातच एक दिवस द्वारकाबाई दुकानात आली. तातेरावांची बायको. जत्रा, लग्नं, कुस्त्या, कुठंही मियाँचा भोंगा बांधला की माईकवर तातेराव असायचे. कुस्तीची जोड पुकारताना त्यांचा आवाज असा चढायचा, की लांबच्या शेतातली माणसं हातातलं काम टाकून फडाकडे यायची. गेल्या दिवाळीपासून तो आवाज बसत चालला होता.

"औरंगाबादच्या डॉक्टरनं सांगितलं," द्वारकाबाई म्हणाली. "नरड्यातली आवाजाची पेटीच काढावं लागती. मंग जीव ऱ्हातो."

"मंग काढून टाका. जीव बडा."

"ते तर हायच. पर भाभी, त्यायचा आवाज कुठंच न्हाई. सगळ्या गावाला ऐकवला, आन् घरात एक फीत न्हाई." ती पदराला चाळा करत राहिली. "तुमच्या त्या टीव्हीत भरून ठिवता येतो म्हने."

रहिमुन्निसानं हो म्हटलं. पण त्या कॉम्प्युटरात अजून एकही शब्द भरला गेला नव्हता, हे तिनं सांगितलं नाही.

मियाँचा मोठा माईक तिनं आधी लावून बघितला. आवाज आला, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. मग तिला कंडेन्सर माईक आठवला. टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यात असतो तो, शर्टाच्या बटनाएवढा, कुजबुजसुद्धा पकडतो. भंगारातल्या एका टेपमधून तिनं तो काढला, दोन टोकांना दोन वायरी जोडल्या, दुसऱ्या टोकाला माईकचा नेहमीचा पिन लावला आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या गुलाबी भोकात घातला. हॅलो म्हणाली. पडद्यावरची रेघ सरळच. टाळी वाजवली, तरी सरळ. दुसरा माईक काढला, तिसरा काढला. देवानंदला फोन केला, तर तो म्हणाला, साउंड कार्ड गेलं असेल, बदला. पण त्याच कार्डातून मोठ्या माईकचा आवाज आला होता.

दोन दिवस ती त्यात अडकून पडली. भाकरी थापताना तेच. शेवटी तिनं नवं काही करायचं सोडलं आणि एक चालता टेप उघडून बसली. इथं हा बटनाएवढा माईक बोलतो, तिथं का बोलत नाही? टेप चालू ठेवून माईकच्या टोकांना तिनं मीटर लावला, तशी सुई हलली. म्हणजे टेप या माईकला बारीक करंट पुरवत होता. मोठ्या माईकला काही द्यावं लागत नाही, तो आपला उपाशीपोटी बोलतो. याला आधी खाऊ घालावं लागतं.

"अस्सं," ती एकटीच मोठ्यानं म्हणाली.

मग कार्डात करंट आहे का, हे बघायचं होतं. तीन भागांचा हेडफोनचा पिन घालून तिनं मोजलं. मधल्या कड्यावर अडीच व्होल्ट मिळाले. कार्ड तर देत होतं! तिचाच पिन दोन भागांचा होता; त्याचा लांब दांडा मधल्या कड्याला जाऊन भिडत होता आणि माईकचा घास परस्पर जमिनीत, म्हणजे अर्थिंगला, जात होता. तिनं तीन भागांचा पिन घेतला, टोक आणि मधलं कडं एकत्र जोडून माईकच्या एका बाजूला दिलं, वायरीवरची बाहेरची जाळी दुसऱ्या बाजूला. पिन आत सारला आणि काही बोलायच्या आधीच पडद्यावरची रेघ थरथरली. बाहेर रस्त्यावरून एक मोटारसायकल चालली होती.

द्वारकाबाईनं नवऱ्याला दुकानात आणलं, पण तातेराव काही बसेनात.

"कशाला ह्या भानगडी करून राह्यल्या भाभी?" त्यांचा आवाज घोगरा, मधेच विरणारा. "हा फाटका आवाज ठिवता व्हय? लोकायनं माझा बराबर आवाज ऐकेल हाय. तोच ध्यानात ऱ्हाऊ द्या त्यायच्या."

"भाऊ, लोकांसाठी नाही ठिवत," रहिमुन्निसा म्हणाली. "माझ्याजवळ मियाँचं भांडण होतं. बस, वायरवालेसंग भांडण. तेवढंच होतं, आन् तेबी गेलं. आता मला गोड बोलणं नको, ते भांडण पायजे."

 तातेराव स्टूल ओढून बसले.

तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं. तातेरावांनी पाठ ताठ केली आणि जोड पुकारायला सुरुवात केली. पहिलं नाव निघालं. दुसऱ्या नावाला आवाज चढवायला गेले आणि घशात नुसती हवा वाजली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांनी मान खाली घातली.

"ऱ्हाऊ द्या," द्वारकाबाई म्हणाली. "पानी प्या."

"पानी काय पिऊ! सकाळच्यान नुसतं पानीच पाजू राह्यली. म्हशीला तरी पाजलंस का?"

"पाजलं की."

"काय पाजलं! दावनीला तशीच हंबरत व्हती. आन् ते सरकीचं पोतं भित्तीला टेकवू नको म्हनलं व्हतं. ओल धरती."

"म्या कुठं टेकवलं? तुमीच टेकवून आल्ते."

"मी?" तातेराव हसले. हसता हसता खोकला आला.

रहिमुन्निसाचा हात माउसवर होता. थांबवायचं होतं, पण तिनं थांबवलं नाही. पोत्यावरून बोलणं कापसावर गेलं, कापसावरून लेकीच्या सासरी. वीज जाईपर्यंत तिनं सगळं येऊ दिलं. शेवटचा थोडा भाग विजेबरोबर गेला. आधीचा तिनं मधे मधे सेव्ह केला होता, तो राहिला. मग रेकॉर्डिंग चालूच होतं, हे तिनं त्यांना सांगितलं. द्वारकाबाई लाजली. तातेराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पोत्याचं तेवढं माझंच खरं व्हतं, हे सांगा तिला."

ऑपरेशन बरं झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल, आवाज गेला. रहिमुन्निसानं कॉम्प्युटरचा डबा काळीपिवळी जीपमधून घनसावंगीला नेला, देवानंदकडून सीडी करून आणली आणि द्वारकाबाईच्या हातात दिली. काही महिन्यांनी विचारलं, तर तिनं ती अजून ऐकलीच नव्हती.

"माणूस समोर हाय की," ती म्हणाली. "आता ताट वाजवून बोलवत्यात मला. दिवसभर. सीडी कवा ऐकू?"

रहिमुन्निसाला जरा लागलं. एवढा खटाटोप केला तो कुणासाठी, असं तिच्या मनात आलं.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी तातेराव एकटेच दुकानात आले. रुमाल नीट केला, कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाकडे. तिनं हेडफोन काढून दिला आणि फाईल लावली. ते ऐकू लागले. सुरुवातीच्या पुकाऱ्याशी त्यांनी हात हलवला: पुढं. मग म्हशीचं बोलणं आलं असावं, कारण ते स्टुलावर सैल झाले. ओठ हलायला लागले. आपलेच शब्द ते आवाजाशिवाय पुन्हा बोलत होते.

आवाज बायकोसाठी ठेवला, असं रहिमुन्निसा धरून चालली होती. ज्याचा आवाज गेला, त्यालाच त्याची भूक असेल, हे तिला सुचलंच नव्हतं. ती उठून बाहेर ओट्यावर येऊन उभी राहिली. बाजारात गर्दी वाढली होती. हॉटेलवाल्याला तिनं दोन चहा सांगितले. एक थंड करून द्यायला सांगितला, तातेरावांना गरम चालत नव्हतं.