‘पांढरा मेंढा’ आणि मधली भिंत

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या जुन्या गिरणीमागच्या ‘पांढरा मेंढा’ या पबचा इतिहास नॉर्मन अ‍ॅक्रॉइडला तोंडपाठ होता आणि न विचारता तो सांगायचाही. हिरव्या फरशा कुठल्या भट्टीतल्या, खिडकीला नक्षीची काच कुणी बसवली, बायकांना चारचौघांच्या नजरेआड दोन घोट घेता यावेत म्हणून फळ्यांची भिंत घालून आतली छोटी खोली कशी केली, सगळं. यातलं निम्मं त्याने स्वतःच रचलं होतं आणि ते कुठलं निम्मं, हे आताशा त्यालाही आठवत नसे. निवृत्त नळदुरुस्तीवाला इतिहासकार झाला की दुसरं काय होणार, असं तोच म्हणे.

त्या छोट्या खोलीत तो रोज संध्याकाळी बसे. भिंतीपलीकडे, मोठ्या खोलीत, त्याचा धाकटा भाऊ क्लिफ. आईच्या घड्याळावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षांपूर्वी बंद झालं होतं. घड्याळ तर तेव्हाही चालत नव्हतं.

एक दिवस, पबची इमारत ज्यांच्या मालकीची, त्या बिअर कंपनीच्या बाई आल्या. भिंत पाडून एकच ऐसपैस खोली करायची म्हणाल्या. नॉर्मनला ठसका लागला. भिंत गेली तर क्लिफचं तोंड बघावं लागणार, म्हणजे आपलं इथे येणंच संपलं. पण हे कबूल कोण करणार? त्याने भाषण ठोकलं.

“बाई, अस्सल महोगनी लाकडाची आहे ही! सव्वाशे वर्षांची!”

बाईंनी नखाने खरवडून पाहिलं. “साधं पाइन आहे हो. वरून रंग फासलाय.”

“हो, पण... त्या काळचं पाइन!”

“गप रे नॉर्मन,” पब चालवणारी ब्रेंडा पेला पुसत म्हणाली. “किती शोभा करून घेशील?”

तेवढ्यात पलीकडून क्लिफ ओरडला, “बाई, त्याला लाकडातलं ओ की ठो कळत नाही! पण भिंत राहू द्या.”

“का बरं?” बाईंनी विचारलं.

“पाडलीत तर तो यायचा नाही. मग मी कुणाशेजारी बसू?”

नॉर्मनचे डोळे भरून आले आणि त्याचा त्याला भयंकर राग आला.

“बघते,” म्हणून बाई निघून गेल्या.

नॉर्मनने स्टूल मागे ओढलं आणि पाठ भिंतीला टेकवली. पलीकडेही एक स्टूल सरकलं.